चेंडू नसलेल्या जागी

कार्तिक सरत आला की संध्याकाळी जळगावच्या शिवारातून धूर उठतो. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भरताची वांगी भाजायला घातलेली असतात. काड्या तडतडतात, वांग्याची साल फुटते, आतून फस्सकन वाफ निघते. बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या मुठी वळतात. त्याला इलाज नाही. हे दिवसच माझ्यासाठी मारामारीचे आहेत. याच धुरात, याच कोरड्या थंडीत, कापसाच्या गाड्यांनी वेढलेल्या मुरमाड मैदानावर मी हॉकी पाहिली, हॉकीवर लिहिलं आणि हॉकीपायी एक भांडण जन्मभरासाठी अंगावर घेतलं. ते अजून मिटलेलं नाही. मिटावं अशी माझी इच्छाही नाही.

यंदा भिंतींवर पत्रकं लागली आहेत. मधे बंद पडलेला हॉकीचा कप पुन्हा भरणार म्हणे. परवा कमिटीचा नवा सेक्रेटरी घरी आला. अंगात इस्त्रीचा सदरा, तोंडात विड्याचा वास.

"भाऊ, तुम्ही जुने जाणकार. मांडवात पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवतो."

"ती खुर्ची उचलून तुझ्याच डोक्यात घालीन," मी म्हणालो.

तो मोठ्याने हसला. त्याला वाटलं, भाऊ गमतीत आहेत. त्या पोराला काय माहीत? मांडवातून हॉकी दिसत नाही. मांडवातून फक्त चेंडू दिसतो.

फाळणीनंतरची ती वर्षं. देशाला हॉकीत सोनं मिळत होतं आणि त्या सोन्याची झळाळी उडत उडत आमच्या धुळीपर्यंत आली होती. भुसावळला रेल्वेच्या वस्तीत पोर चालायला लागलं की त्याच्या हातात स्टिक येई. तिथले वयाने उतरलेले, पण अजून हाड शाबूत असलेले खेळाडू हुडकून आमचे शेठलोक त्यांना पगारावर ठेवत. जळगावच्या एका तेलगिरणीवाल्या शेठचा एक संघ होता. धुळ्याच्या एका शेठचा कापसातून सरकी काढायचा कारखाना होता, त्याला आम्ही जिन म्हणतो, त्याचा दुसरा संघ. संघांना भारदस्त इंग्रजी नावं होती, पण लोक म्हणत तेलवाले आणि जिनवाले. खेळाडूचं नाव कामगारांच्या हजेरीत आणि पाय मैदानात. हंगामभर त्याने इकडची काडी तिकडे केली नाही तरी चाले, पण मैदानात पाय लंगडला की दुसऱ्या दिवसापासून हजेरी बंद. शौकाचा खेळ नव्हता तो. पोटाची हॉकी होती. आणि माणूस पोटासाठी खेळायला लागला की त्याची स्टिक खांद्याच्या वर जायला वेळ लागत नाही.

मी फैजपूरकडचा. केळीच्या वखारीत घड उतरवत वाढलो. शाळा लवकर सुटली. अक्षर पक्कं केलं ते घड बांधायला येणाऱ्या रद्दीने. पुढे बैलबाजारात दलाली केली. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून सौदा करतात. वर तोंडं हसतात, शिव्या देतात, पोराबाळांच्या शपथा घेतात. खाली बोटं खरं काय ते सांगत असतात. त्या रुमालाने मला शिकवलं की माणसाचं तोंड पाहू नये, मनगट पाहावं. पुढे मैदानावर मला हाच धडा उपयोगी पडला, आणि त्यानेच मला बुडवलं.

जळगावच्या एका साप्ताहिकाला खेळाचं सदर लिहिणारा हवा होता. संपादकांना सगळे नाना म्हणत. गोड बोलणारे गृहस्थ, आवाज कधी चढायचा नाही. मी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "नाना, मला एक छदाम नको. पण माझ्या लेखातला एक शब्द कापायचा नाही आणि एक शब्द घालायचा नाही."

"अहो, असा सौदा कोण करतं?"

"मी करतो. फुकटच्या मालाला घासाघीस नसते."

नानांनी हात पुढे केला. मी सवयीने खांद्यावरचा रुमाल त्यावर टाकला आणि त्यांची बोटं दाबली. ते खुदकन हसले. बैलबाजारात सौदा ठरताना कोणी हसत नाही.

खेळावर कसं लिहावं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. इतर पत्रांतलं वाचून मला संताप येई. 'चुरशीचा सामना', 'प्रेक्षणीय खेळ', 'विजयश्रीने माळ घातली'. अरे, माळ कोणी घातली ते राहू दे, मधल्या फळीतल्या त्या डाव्या हाफच्या भुवईतून रक्त का गळत होतं ते सांग! गोल किती झाले हे मैदानाबाहेरचा शेंगदाणेवालाही सांगतो. मग लिहिणाऱ्याने काय सांगायचं? मी ठरवलं की मी चेंडू बघणार नाही. चेंडू बघायला सगळं गाव आहे. चेंडू जिथे नाही तिथे काय चाललंय ते मी बघणार.

म्हणून मी सामन्याच्या आधीच जाई. स्टिकला चिंधी कोण कशी गुंडाळतो, कोण अलसीचं तेल चोळतो आणि कोण नुसताच स्टिक मांडीवर घेऊन समोरच्या संघाकडे बघत बसतो, हे टिपून ठेवी. फाळणीने सियालकोटहून येणाऱ्या चांगल्या स्टिका बंद केल्या होत्या. पंजाबातून येणाऱ्या नव्या लाकडावर लोकांचा भरवसा बसायचा होता, तेव्हा जुनी स्टिक जपणारा माणूस ती उगाच कोणाच्या हाडावर मोडत नसे. ज्याच्या हातात नवी आणि जाड, त्याच्यावर माझी नजर. खेळ सुरू झाला की मी बाजूच्या रेषेवर, बचाव करणाऱ्या फुलबॅकच्या समोर उभा राही. तिथे धूळ तोंडात जाते, चेंडू क्वचित येतो आणि कोणी पाहत नाही असं प्रत्येकाला वाटतं.

आणि कान. स्टिक चेंडूवर नीट बसली की आवाज सुका येतो, टक्. स्टिकवर स्टिक आदळली की खणखणीत. नडगीवर बसली की आवाज ओला येतो. डोळे बांधून मला मैदानाच्या मधे उभं केलं असतं तरी मी सांगितलं असतं, आता लाकूड लागलं, आता माणूस लागला. एकदा एका हाफचा पुढचा दात उडाला. त्याने तो मुरमातून शोधला, कपाळावरची धूळ पुसावी तसा सदऱ्याला पुसला, खिशात टाकला आणि पुन्हा जाऊन उभा राहिला. मी आठवड्याचं सदर त्या दातावर लिहिलं. जिंकलं कोण, ते शेवटच्या ओळीत. लोकांनी मला शिव्या दिल्या आणि अंक वाचून फाटेपर्यंत हातोहात फिरवला.

जिनवाल्यांकडे त्या भांडणाच्या हंगामात हिलाल होता. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातला, तीन भावांतला धाकटा. जमीन कोरडवाहू, तिघांच्या पोटाला न पुरणारी. बाभळीची वाकडी फांदी आणि चिंध्यांचा चेंडू यावर शिकलेला खेळ. अनवाणी धावायचा, इतका वाकून की छाती मुरमाला लागेल असं वाटे. धुळ्याच्या शेठने त्याला कुठल्याशा जत्रेत खेळताना पाहिलं आणि आणून आघाडीत मधोमध उभा केला. गावातून पगारावर बाहेर पडलेला त्यांच्या घरातला तो पहिला माणूस. चांदीचं कडं घातलेला हात हलवत तो मला दुरून हाक मारी.

"भाऊ, मन्हा गोल कव्हय लिखशात? बठ्ठी मारामारीच लिखतस तुमी!"

"तुझे गोल तुझी आई गावभर सांगते. मला दुसरी कामं आहेत."

"मंग आशे लिखा, हिलालले मारनारा आजून जन्मना नही."

"लिहीन. आधी नडग्या दाखव."

त्याच्या नडग्या म्हणजे खाटकाच्या ठोकळ्यासारख्या झाल्या होत्या. तो त्या अभिमानाने दाखवी.

कपाचा शेवटचा सामना जळगावला झाला, तेलवाले आणि जिनवाले. मैदानाभोवती बैलगाड्या उभ्या होत्या. कापूस विकून रिकाम्या झालेल्या त्या गाड्यांवर माणसं चढली होती, चाकांवर, जुवांवर, धुऱ्यांवर. धुळ्याची माणसं एका बाजूला, जळगावची दुसऱ्या. कापसाचे पुंजके हवेत तरंगत होते आणि घामेजल्या मानांना चिकटत होते. ऊन पांढरं, मुरूम तांबडा. सुरुवातीची बुली झाली, म्हणजे दोघांनी समोरासमोर उभं राहून चेंडूवर स्टिकांची टकटक केली, तेव्हाच एकाने दुसऱ्याच्या बोटांवर हाणली. पंचाने पाहिलं नाही असं दाखवलं. मला वाटलं, आज लिहायला कमी पडणार नाही.

मधल्या सुट्टीपर्यंत हिलालने एक गोल चढवला होता. खेळाडू मोसंबीच्या फोडी चोखत बसले. मी फिरत फिरत तेलवाल्यांच्या बाजूला गेलो. शेठचा मुनीम त्यांच्या फुलबॅकजवळ उकिडवा बसून काहीतरी सांगत होता. हा फुलबॅक शंकर, भुसावळहून आणलेला. एके काळी त्याच्यासारखा खेळाडू खानदेशात नव्हता. आता पायातला जोर सरला होता. मुनीम बोलत होता आणि शंकर मुनिमाकडे न बघता समोर, जिनवाल्यांच्या घोळक्याकडे बघत मान हलवत होता. मान हलवणारा माणूस समोरच्याकडे बघत नसेल, तर बैलबाजारात आम्ही समजतो की सौदा झाला.

दुसरा डाव तापला. चेंडू जिनवाल्यांच्या उजव्या बाजूने निघाला आणि थेट कोपऱ्यापर्यंत गेला. तिथे चौघांची झोंबाझोंबी लागली. गाड्यांवरच्या सगळ्या माना तिकडे वळल्या, मांडवातल्या वळल्या, दोन्ही पंचांच्या वळल्या. हिलाल मधे उभा राहून कोपऱ्याकडे बघत होता, चेंडू सुटून आपल्याकडे येईल म्हणून. त्याच्या मागे शंकर. मी शंकरची मनगटं बघत होतो. जोराचा फटका मारायचा असला की दोन्ही हात स्टिकच्या मुठीवर एकमेकांजवळ येतात. चेंडू पार त्या टोकाला असताना ते जवळ यायचं काही कारण नसतं.

शंकरचे हात जवळ आले.

मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. हिलाल धाव घ्यायला खाली वाकला आणि लाकूड फोडायला कुऱ्हाड फिरवावी तशी स्टिक आडवी फिरली. ओला आवाज आला, पण नडगीचा नव्हे. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतर ऐकायची वेळ येऊ नये. हिलाल खाली बसला, जणू कोणी त्याला बस म्हणालं. मग आडवा झाला. त्याच क्षणी कोपऱ्यातून चेंडू सुटला, अगदी त्याला हवा होता तसा आला, त्याच्या छातीजवळून घरंगळत गेला आणि रेषेबाहेर पडला.

"घसरला! घसरला!" तेलवाल्यांच्या गाड्यांवरून ओरडा उठला.

मी आत धावलो. पंचाची शिट्टी दोरीने गळ्यात होती, ती मी गळ्यासकट ओढली. "मारलं! मागून मारलं त्याला!"

"मी चेंडूकडे पाहत होतो," पंच घुसमटत म्हणाला. "सोडा! सगळेच चेंडूकडे पाहत होते!"

माझा ओरडा ऐकून धुळ्याची माणसं गाड्यांवरून उतरली. मग काय झालं ते एकसंध सांगता येत नाही. गाड्यांच्या जुवांतल्या लाकडी खुंट्या, म्हणजे शिवळं, निघाली, दगड उडाले, मोसंबीची टोपली कोणाच्या तरी डोक्यावर फुटली, बैल दावी तोडून मैदानात शिरले. एका म्हाताऱ्याच्या पांढऱ्या पागोट्यातून लाल डाग पसरत होता आणि तो तरीही वहाण हातात घेऊन कोणाला तरी शोधत होता. माझ्या पाठीत शिवळ बसलं. धुळेकराने मारलं की जळगावकराने, मला ठाऊक नाही. दोन्ही बाजूंना मी आपला वाटत नव्हतो. मीही मारलं. हातात येईल त्याला मारलं. त्या गर्दीत हिलाल पडून होता, ओठ दाताखाली दाबून, आणि त्याच्या अंगावरून माणसं उड्या मारत होती.

गुडघ्याचा सांधा फुटला होता. डॉक्टरांनी सांगितलं की पाय वाचला आहे, पण वाकणार नाही.

मी धुळ्याला जिनवाल्या शेठकडे गेलो. जिनमध्ये सरकीचा तेलकट वास आणि यंत्रांचा असा धडाका की ओरडून बोलावं लागे. शेठ पेढीवर लोडाला टेकून बसले होते.

"त्याला कामावर ठेवा," मी म्हणालो. "पळायचं काम नको. काट्यावर बसवा, कापूस तोलेल."

"भाऊ, भागीदार आहेत माझे. घसरून पडलेल्याला का पोसतो म्हणून विचारतील."

"घसरला नाही. तुमच्या कपड्यात, तुमच्यासाठी उभा होता, त्याला तेलवाल्याच्या माणसाने मारलं."

"असं छापून आलं, तर मग माझ्या अब्रूचा प्रश्न झाला," शेठ सरसावून बसले. "मग भागीदारांची बोलायची हिंमत नाही. छापील अंक आणा, दुसऱ्या दिवशी त्याला काट्यावर बसवतो."

मी रुमाल टाकला. शेठ जुने होते, ते हसले नाहीत. रुमालाखाली मी त्यांची बोटं मोजून दाबली नाहीत. सगळी मूठ वळवून धरली. म्हणजे जन्मभरासाठी. त्यांनी क्षणभर हात ओढला, मग सैल सोडला. सौदा झाला. त्या दिवशी जिनच्या दारातून बाहेर पडताना माझ्यासारखा सौदेबाज खानदेशात नाही असं मला वाटलं.

तरी ज्याच्यावर लिहायचं त्याला तोंडावर विचारल्याशिवाय मी लिहीत नसे. भुसावळला गेलो. शंकर अंगणात खाट टाकून बसला होता, तीच जाड स्टिक जवळ टेकवलेली.

"मारलंस ना?"

"मारलं."

"गुडघा फोडलास त्याचा."

"घोटा सांगितला होता मला," तो शांतपणे म्हणाला. "थोडे दिवस बसला असता, बास. ऐन वेळी खाली वाकला. त्याला वाकायला कोणी सांगितलं होतं?"

मी त्याच्या अंगावर गेलो. तो वयाने मोठा, पण हात अजून लोखंडाचे. त्याने मला भिंतीला दाबलं, स्टिक माझ्या कानाजवळच्या विटेवर हाणली. लाल भुगा खांद्यावर पडला.

"आता मला चेंडू पकडता येत नाही, भाऊ," तो तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला. "दुसऱ्याचे पाय तेवढे पकडता येतात. शेठ मला त्याचाच पगार देतो. लिहा. पण माझ्याआधी शेठचं नाव लिहा."

मी दोन्ही नावं लिहिली, आधी शेठचं. त्या आठवड्याचं सदर मी एका बैठकीत लिहिलं. विशेषणं नव्हती. चेंडू कुठे होता, शंकर कुठे होता, हात कसे जवळ आले, मुनीम कुठे बसला होता, शंकर काय म्हणाला. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं लिखाण. नानांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला. "जोरदार आहे," म्हणाले.

अंक आला. माझं नाव होतं. मथळा होता. चेंडू कोपऱ्यात गेला हे माझंच वाक्य होतं. पुढे छापलं होतं: 'दुर्दैवाने याच वेळी जिन संघाचा हिलाल पाय घसरून पडला व जायबंदी झाला.' त्याच पानावर तळाशी तेलगिरणीची चौकटीतली जाहिरात.

मी छापखान्यात शिरलो तेव्हा नाना मुद्रितं तपासत होते. पुढच्या अंकाचं जुळवलेलं पान दगडावर बांधायचं होतं. मी ते हाताने फरशीवर लोटलं. शिशाची अक्षरं पावसासारखी उडाली.

"अरे भाऊ!" अक्षरं जुळवणारा जुळारी कपाळावर हात मारून ओरडला. "भांडण नानांशी आणि वेचायचं मी?"

"सौदा काय होता?" मी नानांची कॉलर धरली. "एक शब्द कापायचा नाही, एक घालायचा नाही!"

"हात काढा," नाना म्हणाले. आवाज तेव्हाही चढला नाही. "तुम्हीच लिहिलंत, चेंडू उजव्या कोपऱ्यात होता. सगळं गाव तिकडे बघत होतं. मग तुम्ही भलतीकडे काय बघत होता? वाचक हेच विचारणार. एकट्या माणसाला दिसलेलं मी कसं छापू?"

"शंकर स्वतः बोललाय!"

"उद्या नाही म्हणेल. तेव्हा तुम्ही तिथे असाल? खटला माझ्यावर येईल."

मी त्यांना भिंतीवर ढकललं. चष्मा पडला, माझ्याच पायाखाली आला. जुळारी आणि यंत्रावरचा माणूस मधे पडले आणि मला फरफटत रस्त्यावर आणून सोडलं. त्यानंतर मी त्या साप्ताहिकाला ओळ दिली नाही आणि नानांनी मागितली नाही. आजही ते रस्त्यात दिसले की नमस्कार करतात. मी करत नाही. लोक म्हणतात, एवढ्याशा वाक्यासाठी? बैलबाजारात रुमालाखालचा शब्द फिरवणाऱ्याला कोणी बैल दाखवत नाही, दावं दाखवून हाकलतात. पांढरपेशांत अशा माणसाला संपादक म्हणतात.

धुळ्याच्या शेठनी अंक माझ्यासमोर धरला. "भाऊ, यात तर तुमच्याच नावाने 'घसरला' लिहिलंय." मी त्यांना दोष देत नाही. आमचा सौदा छापील अंकावर झाला होता आणि तो अंक त्यांच्या हातात होता.

शंकर गेल्या वर्षी भुसावळला तापाने वारला. म्हणून आज हे लिहितो आहे. इतके दिवस का लिहिलं नाही, असं कोणी विचारेल, तर त्याचं कारण शिंदखेड्याकडच्या त्या घरात आहे.

मी हिलालला भेटायला गेलो तेव्हा दुपार होती. लांबट घर, दारात तुरीच्या शेंगांचा ढीग, आत खाटेवर हिलाल, पाय फळीला बांधलेला. उशाशी तो अंक. शेजारच्या मास्तरने आणून दिला होता.

"वाचा मी, भाऊ," तो म्हणाला. "घसरीसन पडनू, आशे छापेल शे."

"ते मी लिहिलेलं नाही. तुला शंकरने मारलं. चेंडू कोपऱ्यात असताना, मागून. मी पाहिलं."

"मी चेंडूकडेच देखी ऱ्हायनू व्हतू," तो म्हणाला. "माले काही समजनं नही."

"मी दुसऱ्या पत्रात छापून आणतो. धुळ्याला, नाशिकला, कुठेही. शेठला काट्यावर घ्यावंच लागेल तुला."

त्याने माझं मनगट धरलं. पकड आजारी माणसाची नव्हती. "हळू बोला. दोन्ही भाऊ अंगनमा शेतस. त्यासले समजनं त कुऱ्हाड लिसन भुसावळले जातीन. त्याले तोडतीन, मंग फाशी जातीन. मंग एवढी जमीन कोन करी? मी? या पायवर?"

"हिलाल..."

"मी घसरनू. आयकं का, भाऊ? मी घसरनू."

माझ्या आवाजाने असेल, दारात दोघे भाऊ आले. मोठ्याच्या हातात कुऱ्हाड होती. काटेरी झुडपं तोडत होता, घाम छातीवरून वाहत होता. मागे त्यांची आई, तोंडाला पदर. मोठा भाऊ माझ्यासमोर उकिडवा बसला.

"भाऊ, तुमी तठे व्हतात. लोके सांगतस, येले कोनी तरी मारं. हाऊ सांगस, घसरनू." त्याने हिलालकडे बोट केलं. "तुमी कव्हय खोटं लिखतस नही, आशेबी हाऊच सांगस. मंग तुमीच सांगा. घसरना का मारं?"

मधला भाऊ दाराला टेकून उभा होता. त्याची नजर माझ्या तोंडावर नव्हती, माझ्या हातांवर होती. हा माणूस बैलबाजारात वाढला असावा. मी दोन्ही हात मांडीवर सपाट ठेवले. त्या वेळी नाना समोर असते तर मी त्यांचं काय केलं असतं, ते कागदावर लिहिता येणार नाही.

"घसरला," मी म्हणालो. "मुरूम होता. पाय घसरला."

मोठ्या भावाने श्वास सोडला. आई मागे वळून चुलीकडे गेली. हिलालने डोळे मिटले आणि माझं मनगट सोडलं. त्यावर त्याच्या बोटांचे चार पांढरे डाग होते, ते हळूहळू लाल झाले.

"बसा, भाऊ. चहा लेतस ना?" मोठा भाऊ उठला, कुऱ्हाड खांद्यावर टाकून अंगणात गेला आणि माझ्या चहासाठी लाकूड फोडू लागला.